वेगळं दिसेल ते

बाटली खोकल्याच्या औषधाची होती, तपकिरी काचेची, आणि तिच्यात सोयाबीनचे मूठभरही दाणे नव्हते. देवरावांनी ती कोनाड्यात, आरशाच्या मागे उभी करून ठेवली होती. माघात ते गेले. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आपापल्या गावी परतली, मागून आणलेल्या सतरंज्या शेजाऱ्यांना परत पोचल्या, आणि मग एका दुपारी प्रेमिलाने कोनाडा आवरायला घेतला तेव्हा ती हाती लागली. बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधलेला कागदाचा तुकडा होता. त्यावर ‘पि’ आणि ‘का’ एवढंच लिहून मध्ये फुली मारलेली. त्याचा अर्थ घरात दोघी मायलेकींनाही ठाऊक होता: पिवळी आई, काळा बाप.

प्रेमिलाच्या आईने, तुळसाबाईने, बाटली दाराशी उजेडात नेली, दाणे तळहातावर ओतले आणि अंगठ्याने उलटेपालटे करून पाहिले. एकूण एक पिवळे, गुळगुळीत.

“काळं कुठं हाय याच्यात?” ती म्हणाली. “हे तं आपल्या फार्मावरचंच पिवळं हाय. डोळा पाह्य ना त्याचा. नाई बसला वं तुह्या बाबाचा हात.”

तिने दाणे परत बाटलीत भरले, बूच घट्ट लावलं आणि ती तांदूळ निवडायला बसली. प्रेमिलाने कोनाडा पुसून काढला. त्या घरात दुःखाबद्दल फारसं बोलत नसत. आणि आता तर विचारलं की बोलणारं माणूसच गेलं होतं.

देवरावांची सगळी नोकरी सरकारी बियाणे फार्मावर झाली. काम एकच: बियाणं शुद्ध राखायचं. पुढे ते, मागे ओळीने बाया, आणि प्रत्येक तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, नजर फिरवत जायचं. सगळी झाडं बुटकी असली तर उंच दिसेल ते उपटायचं; सगळी पांढऱ्या फुलांची असली तर जांभळं दिसेल ते उपटायचं. त्याला भेसळ काढणं म्हणत. उपटलेलं झाड तिथंच टाकायचं नाही, ओटीत घ्यायचं आणि धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधाबाहेर, नेऊन फेकायचं, हा त्यांचा कडक नियम. त्या बायांमध्ये सगळ्यात तयार नजर तुळसाबाईची. लग्नाची बोलणी तासातच झाली असं देवराव सांगत, आणि त्यावर ती दरवेळी म्हणे की बोलणी कसली, मी उपटलेलं झाड यांनी हातातून घेऊन दोनदा तपासलं, म्हणून मी भांडली.

असा माणूस निवृत्त झाला आणि उलटंच करायला बसला. नंदनवन वस्तीत त्यांच्या घरामागे तेव्हा मोकळा प्लॉट होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या, म्हणजे त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात देवरावांनी तिथे पांढऱ्या फुलांचं पिवळं सोयाबीन आणि जांभळ्या फुलांचं काळं सोयाबीन शेजारी शेजारी लावलं आणि रोज सकाळी चष्मा, चिमटा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन ते तिथे बसू लागले. जन्मभर वेगळेपणा उपटणाऱ्या माणसाला म्हातारपणी वेगळेपणा तयार करण्याची हुक्की का यावी, हा प्रश्न प्रेमिलाला तेव्हाही पडला होता. ती शाळेत इतिहास शिकवायची. वाचन भरपूर; पण फुलातलं तिला नाकापुरतंच कळत होतं.

कारण त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. कुहीच्या लहानूमामाने, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाने, फार्मावरचं पिवळं बियाणं धानाच्या धुऱ्यावर लावलं. पीक छान आलं. त्यातलंच राखून त्याने पुढच्या वर्षी पेरलं, तर उगवलंच नाही. उन्हाळाभर डब्यात पडून पिवळ्या दाण्याचा जीव जातो. आणि त्याच मामाकडे छिंदवाड्याच्या बाजारातून आणलेलं काळं सोयाबीन गाडग्यात विसरून राहिलं होतं, किती वर्षं कोण जाणे. ते मात्र टाकलं तसं वर आलं. पण काळा दाणा तेलगिरणीवाला दारात उभा करत नाही. तर रूप पिवळ्याचं आणि दम काळ्याचा, असं काही एका दाण्यात बसतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

“बसते का?” प्रेमिलाने विचारलं होतं.

“आता ते त्या दोघाले विचारावं लागते,” देवराव म्हणाले होते. “आणि सोयाबीनची मोठी पंचाईत हाय. त्याचं लगीन कळी उमलायच्या आतच आटपते. वऱ्हाडी पोचेपर्यंत मांडव रिकामा.”

म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशीच तिच्यात शिरायला हवं. कळी तांदळाच्या कणीएवढी. ती चिमट्याने उघडायची, आतले तिचे स्वतःचे परागकोश काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग तिथे टेकवायचे. आणि देवरावांचा हात तर तेव्हा थरथरत होता. चहा बशीत सांडायचा. त्यांचे फार्मावरचे साहेब, विश्वनाथ देशकर, एकदा घरी आले होते. हे सगळं पाहून ते हसत म्हणाले, देवराव, कप धरवत नाही आणि कळ्या कसल्या उघडता. देवराव म्हणाले, “साहेब, कप दिवसभर हलला तरी चालते. फुलापाशी हात घटकाभर थांबला म्हणजे झालं.” ते कोपर विटेवर टेकवत, श्वास रोखून धरत. प्रेमिला खिडकीतून ते पाहायची. हात थांबलेला तिला कधी दिसला नव्हता.

आता बाटली हातात होती आणि एकच गोष्ट कळायची राहिली होती. हात थांबला होता का?

चैत्रात ती बाटली पिशवीत घालून रामदासपेठेत देशकरकाकांकडे गेली. तेही आता निवृत्त झाले होते. व्हरांड्यात बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. बाटली पाहून त्यांनी कोडं बाजूला ठेवलं. दाणे बशीत घेऊन भिंगाखाली बराच वेळ फिरवले.

आई म्हणते यात काळं काही नाही, म्हणजे जमलं नाही, असं प्रेमिलाने सांगितलं.

“तुळसाबाईंचं चुकतंय,” काका म्हणाले. “अगं, दाण्याचं साल हे आईच्या अंगाचं असतं. बाळंतिणीने आपल्या लुगड्यात गुंडाळलेलं पोर समज. बाहेरून लुगडंच दिसणार. आत पोर कोणाचं आहे ते लुगड्यावरून कसं कळेल?”

मग कशावरून कळेल, असं तिने विचारलं. त्या प्रश्नावर काका खुर्चीत पुढे सरकले. जांभळं फूल पांढऱ्यावर वरचढ असतं, ते म्हणाले. आई पांढऱ्या फुलाची, बाप जांभळ्या. हात बसला असेल तर या दाण्याच्या झाडाला जांभळी फुलं येतील. कळीने आपलं आपणच उरकून घेतलं असेल तर पांढरी. आणि फुलापर्यंत थांबायचंही कारण नाही. जांभळ्या फुलाच्या झाडाचं रोप उगवतं तेव्हाच त्याच्या पायाशी, दाण्याच्या उघडलेल्या दोन दळांच्या खाली, जांभळी झाक असते. पांढऱ्याचं रोप पायाशी हिरवंगार.

“म्हणजे पेरल्यावर आठवडाभरात,” प्रेमिला म्हणाली.

“आठवडाभरात. पण आशा ठेवू नकोस, बाळ. हात स्थिर असलेल्या माणसाचीही निम्म्याहून जास्त फुलं गळतात. आणि देवराव…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग ते दाणे शेतकी कॉलेजच्या शेतावर लावू देतेस का, असं त्यांनी विचारलं. तिथे राखण असते, खत असतं. प्रेमिलाने मान हलवली. घरीच लावीन म्हणाली.

परतताना तिच्या डोक्यात ते लुगड्यात गुंडाळलेलं पोर घोळत राहिलं. तिने राजघराण्यांच्या वंशावळी मुलांना फळ्यावर काढून शिकवल्या होत्या, आणि त्यात आया कुठेच नसत. इथे उलटं होतं. बाहेरून सगळी आईच, आणि बाप आत कुठेतरी, असलाच तर.

आईला तिने यातलं काही सांगितलं नाही. आई एकदा म्हणून गेली होती की नाही बसला हात, आणि ते म्हणणं तिच्या पोटात कुठेतरी टेकलं होतं. ते हलवायचं, आशा लावायची, आणि आठवड्याने हिरवे पाय पाहून पुन्हा तेच दुःख वाढायचं, हे प्रेमिलाला नको होतं. जांभळं दिसलं तर सांगू, असं तिने ठरवलं. हिरवं दिसलं तर तिला आधीच माहीत आहे.

पाऊस जमिनीत मुरल्यावर एका रविवारी तिने मागच्या भिंतीलगत एक तास ओढलं आणि बाटलीतले दाणे एक एक करून लावले. आई ओसरीवरून पाहत होती.

“बाबाचं बी लावून राहिली का?”

“हो. वाया काहून घालवायचं?”

“लाव. पिवळं तं पिवळं.” मग थोडं थांबून आई म्हणाली, “तास सरळ नाई आलं वं. इतिहासाच्या मास्तरणीचं तास हाय ते.”

त्यानंतर प्रेमिला रोज शाळेत जाण्याआधी मागे जाऊन यायची. घट्ट बुचाच्या बाटलीत, कोनाड्याच्या गारव्यात दाण्यांचा जीव टिकला होता: आधी माती भेगाळली. मग भेगेतून वाकलेल्या माना वर आल्या, जणू कोणी वर बोलावतंय आणि त्या निघायला तयार नाहीत. त्या दिवशी सकाळी सरीने चिखल उडवला होता, मानांचे रंग काही कळेनात. तिने एका रोपावरचा चिखल बोटाने पुसायला हात पुढे केला, पण ते इतकं कोवळं होतं की मोडेल म्हणून मागे घेतला. संध्याकाळी ऊन पडलं असेल, रोपं ताठ झाली असतील, तेव्हा पाहू. दिवसभर तिने वर्गात काय शिकवलं ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. पानिपताच्या लढाईत तिने एका सरदाराला दोन वेळा मारलं, तेव्हा मुलींनी तिला सांगितलं.

घरी आली ती पिशवी ओसरीवर टाकून तशीच मागे गेली. रोपं ताठ उभी होती, दळं उघडलेली, धुतल्यासारखी स्वच्छ. ती उकिडवी बसली आणि तासाच्या एका टोकापासून बघत निघाली. हिरवा पाय. हिरवा. पुढचाही हिरवा. मध्ये खळगा. मग हिरवा. शेवटच्या रोपापर्यंत हिरवाच.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं, आईला सांगितलं नाही.

मग तिची नजर त्या मधल्या खळग्यावर परत गेली. सकाळी तिथे मान होती. त्याच्या पुढेही एक खळगा होता. आणि तासाच्या पलीकडच्या टोकाला आणखी दोन. माती नीट, बोटाने दाबून बुजवलेली. पाखरू माती दाबून जात नाही.

आई ओसरीच्या पायरीवर लसूण सोलत होती. प्रेमिला समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिने मान वर केली आणि सहज, भाजी निवडून झाली असं सांगावं तसं सांगितलं, “थोडी भेसळ होती वं त्या तासात. काढून टाकली.”

“कसली भेसळ?”

“जांभळ्या पायाची. पांढऱ्या फुलाच्या वाणात जांभळा पाय म्हणजे भेसळच. बसल्या बसल्या करमत नव्हतं, म्हटलं तास तरी साफ करून टाकू. तुह्या बाबाले तास मळकं नाई खपायचं.”

प्रेमिला तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग तिने सांगितलं, सगळं, चैत्रापासूनचं: लुगडं, पोर, आईचं साल, पांढऱ्यावर वरचढ असलेलं जांभळं. काकांनी ज्या क्रमाने सांगितलं होतं त्याच क्रमाने. जांभळा पाय म्हणजे काय हे शेवटी आलं.

आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. ती तासाकडे पाहत होती, आणि चेहऱ्यावर जे उमटत होतं ते दुःख नव्हतं. कोणीतरी फार दिवसांनी हिशेब उलगडून दाखवावा तसं काहीतरी होतं.

“म्हणजे मंग थांबला होता त्याचा हात,” ती म्हणाली.

“हो, माय.”

“एका फुलापाशी नाई. चार-पाच तरी जांभळी होती.” ती अजून तिकडेच पाहत होती. “आणि मी त्याले म्हटलं होतं, म्हातारचळ लागला तुले.” मग एकदम तिचा आवाज बदलला. “मले सांगितलं काहून नाई वं? एवढी शिकली, आणि घरात तोंड उघडता येत नाई. अगदी बापावर गेली. त्याले तरी विचारलं की बोलत होता.”

प्रेमिलाने विचारलं, कुठे टाकली?

आई उठून उभी राहिली. कुठे टाकणार. भेसळ जिथे टाकायची तिथेच, ओटीत घेऊन, धुऱ्यापलीकडे. इथे धुरा नव्हता. होती ती सांडपाण्याची नाली आणि तिच्यापलीकडे यमुताईंचा उकिरडा. त्या दोघी नाली ओलांडून गेल्या तेव्हा यमुताईंच्या कोंबड्या उकिरड्यावरच होत्या. आईने पदर झटकून त्यांना हाकललं. यमुताई दारात येऊन विचारू लागल्या, काय हरवलं वं बाई, सोनं का? आई खाली वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली की हो, सोनंच समज, आणि तुझ्या कोंबड्यांनी खाल्लं असलं तर एकेकीचं पोट फाडीन.

रोपं सापडली. बहुतेकांची दळं कोंबड्यांनी टिपून नेली होती, नुसते दोरे उरले होते. पण ओल्या पालापाचोळ्याखाली दोन शाबूत निघाली. मुळं पांढरी, त्यांना अजून माती चिकटलेली. प्रेमिलाने एक उचलून दिवेलागणीच्या त्या उजेडात डोळ्यांजवळ धरलं. दळांच्या खाली, पायाशी, पिकत्या जांभळाच्या सालाचा असतो तसा रंग. तो तिने आधी कधी पाहिला नव्हता, आणि तरीही लगेच ओळखला.

दोघींनी ती तासात परत लावली. प्रेमिलाने बोटाने खळगा केला, आईने रोप धरलं, पाणी ओतलं, माती दाबली. वर टोपली पालथी घातली, कोंबड्यांसाठी आणि उन्हासाठी. आईने हात लुगड्याला पुसले आणि ती स्वतःशीच हसली.

“जिंदगीत पहिल्यांदा भेसळ लावून राहिली मी,” ती म्हणाली. “तुह्या बाबानं पाहिलं असतं तं दोनदा तपासून घेतलं असतं.”

त्यातलं एक रोप तिसऱ्याच दिवशी मान टाकून गेलं. दुसऱ्याने पानं उतरवली, आठवडाभर काहीच केलं नाही, आणि मग मधूनच एक नवं पान काढलं. श्रावणात ते आजूबाजूच्या हिरव्या पायांच्या झाडांपेक्षा खुजं होतं. पण भादवा लागता लागता त्याच्या पानांच्या बेचक्यात कळ्या आल्या. एका सकाळी आईनेच प्रेमिलाला हाक मारली. फूल इतकं लहान की पान बाजूला केल्याशिवाय दिसत नव्हतं. जांभळं होतं.

देशकरकाका रिक्षा करून आले. भिंग घेऊन चिखलात गुडघ्यावर बसले, उठताना दोघींनी त्यांना हात दिला. मग म्हणाले, कपाचं मी मागे घेतो.

आईला तेव्हा वेगळीच चिंता होती. त्या एका झाडाच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं डुलत होती. “साहेब,” तिने विचारलं, “आता हे पांढरं उपटून टाकू का? आता तं हेच भेसळ झालं ना.” काका मोठ्याने हसले आणि नको म्हणाले, त्यांच्यामुळे याचं काही बिघडत नाही, सोयाबीन शेजाऱ्याकडे बघत नाही. आईने ते ऐकून घेतलं, पण जाता जाता एका पांढऱ्या झाडाला हात लावून तिने तो मागे घेतलेला प्रेमिलाने पाहिला.

दिवाळीआधी त्या झाडाच्या शेंगा वाळल्या. दोघींनी ओसरीवर बसून त्या सोलल्या, आणि पुन्हा दाणे पिवळेच निघाले. आईने एकेक दाणा उलटून पाहिला.

“हे काय वं? आता तरी काळं दिसायले पाह्यजे होतं.”

प्रेमिलाने हे आधीच विचारून ठेवलं होतं. सालाच्या बाबतीत पिवळं वरचढ, ती म्हणाली. या झाडात काळं आहे, पण दबून आहे. हे दाणे पेरले की त्यांची जी झाडं येतील, त्यांतल्या काहींच्या शेंगांत काळं निघेल. आणि मग काहींत पिवळं साल आणि काळ्याचा दम, असं असेल का, ते त्याच्याही पुढे कळेल. दाणे डब्यात उन्हाळाभर ठेवून, आणि पुन्हा पेरून.

“म्हणजे नातवंडात दिसेल.”

“नातवंडांत, नाहीतर पणतवंडांत.”

“आणि सगळे सारखे नसतील?”

“एकही दुसऱ्यासारखं नसेल कदाचित. कोणी उंच, कोणी बुटकं. फुलं पांढरी, जांभळी. काकाच म्हणाले, तेच तर पाहायचं असतं.”

आईने हा विचार बराच वेळ तोंडात घोळवला. दाणे तिने धुऊन वाळवलेल्या तपकिरी बाटलीत भरले. आता ती जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. बूच लावताना तिने विचारलं, “मंग अशा तासात उपटायचं कोणतं?”

“कोणतंच नाही.”

“कोणतंच नाई?” आई म्हणाली. “मंग मी दिवसभर तिथं बसून करू काय?”

“बघ,” प्रेमिला म्हणाली. “कोण कसं निघते ते बघत बस. आणि मले सांग.”

“तू सांगशील का मले?” आईने विचारलं.

प्रेमिलाने हो म्हटलं. आईने बाटली कोनाड्यात आरशाच्या मागे ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, काढून आरशाच्या पुढे ठेवली.